सुहास, भांड, पण युक्तीशी नको

ठाणे (प.)
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

पुण्याला पोहोचल्या पोहोचल्या तू तो लांबलचक मेसेज टाकलास, तेव्हाच ठरवलं की उत्तर कागदावर द्यायचं. मोबाईलवर तू माझं अर्धं वाक्य वाचतोस आणि उरलेल्या अर्ध्याशी भांडतोस.

तलावपाळीवर त्या रात्री आपला आवाज एवढा चढला की शेजारच्या बाकावरचे आजोबा विचारून गेले, "प्रॉपर्टीचं आहे का?" मिलिंद म्हणाला, "नाही, अनंताचं आहे." त्यांना वाटलं, अनंत म्हणजे तुझा धाकटा भाऊ.

मुद्द्यावर येतो. कँटर या गणितज्ञाची १८९१ ची कर्णाची युक्ती तुला फसवणूक वाटते. तिच्यातून निघतं ते असं, की ० आणि १ मधल्या संख्यांना १, २, ३... असे क्रमांक देऊन त्यांची पुरी यादी होतच नाही, म्हणजे त्यांचा अनंत नैसर्गिक संख्यांच्या अनंतापेक्षा मोठा. ० आणि १ मधल्या सगळ्या दशांश संख्या एकाखाली एक लिहिल्या, त्याने पहिलीचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा असे कर्णावरचे अंक बदलत नेले आणि यादीत नसलेली संख्या काढली. तू म्हणतोस, मग ती यादीत घाल, विषय संपला. अरे, घातलीस की ती यादी वेगळी झाली, तिचा कर्णही वेगळा झाला आणि तिच्यातूनही एक निसटली. कँटर तुझ्या एका यादीतली चूक काढत नाहीये. कुठलीही यादी आण, तिच्यात नसलेली संख्या दाखवतो, एवढंच त्याचं म्हणणं. आधी तुझी पाळी, मग त्याची. तू तिसऱ्यांदा खेळायला बघतोस. यात तू एकटा नाहीस म्हणा. विल्फ्रिड हॉजेस या तर्कशास्त्रज्ञाने कँटरला खोडून काढणाऱ्या, छापण्यासाठी आपल्याकडे आलेल्या लेखांवरच १९९८ मध्ये एक लेख लिहिला.

तुझा दुसरा आक्षेप मात्र झकास आहे. हीच युक्ती १, २, ३... या नैसर्गिक संख्यांना लावली तर त्यांचीही यादी होत नाही असं निघेल, मग कँटर गोत्यात! करूनच बघ. प्रत्येक संख्येच्या डावीकडे हवी तेवढी शून्यं जोड, उजवीकडून मोजत पहिलीचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा असे घे आणि प्रत्येकाच्या जागी ५ लिही. हाती काय येतं? डावीकडे कधीच न संपणारे पाच, पाच, पाच. ही नैसर्गिक संख्याच नव्हे, कारण तिचे अंक कुठेतरी संपावे लागतात. मग ती यादीत नाही याचं नवल कसलं? दशांश चिन्हाच्या उजवीकडे अंक संपले नाहीत तरी चालतं, डावीकडे चालत नाही. तुझा सगळा आक्षेप या एका फरकावर आपटतो.

तुला भांडायचंच असेल तर ब्रौवर या डच गणितज्ञासारखं भांड. दिलेल्या यादीबाहेरची संख्या एकेक अंक करत बनवता येते, हे त्यालाही मान्य होतं. त्याला खुपत होतं ते पुढचं: जे संपतच नाही ते संपलंय असं धरून त्याचा एक संच करायचा आणि वर अशा दोन संचांत लहानमोठं ठरवायचं. "विधान खरं तरी असतं नाहीतर खोटं तरी" हा नियम अनंत संचांना डोळे झाकून लावायलाही त्याची ना होती. जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट उलट म्हणे की कँटरच्या नंदनवनातून आम्हाला कोणी हाकलू शकणार नाही. १९२८ मध्ये त्याने ब्रौवरलाच एका नामांकित गणित नियतकालिकाच्या संपादक मंडळातून काढायचा घाट घातला. त्याच मंडळावर असलेल्या आइन्स्टाइनने वैतागून या प्रकाराला बेडूक-उंदरांची लढाई म्हटलं. एवढे थोर लोक, आणि भांडण सोसायटीच्या कमिटीचं!

मी हिल्बर्टच्या गोटातला. अनंत संच खरोखर कुठे असतात का, ते छातीठोक सांगता येणार नाही. पण झेर्मेलो या गणितज्ञाने १९०८ मध्ये संचांचे नियम मांडले, तेव्हा अनंत संच असतो हेही त्यांत उघड गृहीत म्हणून लिहिलं. चोरून आत घेतलेलं काही नाही. तुला ते नको असेल तर तो नियम काढ आणि उरलेल्यातून गणित किती उभं राहतं ते दाखव. तो वाद मी रात्रभर ऐकेन. नियम मान्य करून निष्कर्षावर चिडायचं, हे मात्र मला पटत नाही.

आणि नैसर्गिक संख्या व वास्तव संख्या (म्हणजे संख्यारेषेवरच्या सगळ्या, अपूर्णांक-दशांशांसकट) यांच्या मधल्या आकाराचा एखादा अनंत आहे का, हे तू जाता जाता विचारलंस ना, तिथे तुला खरं मोकळं रान आहे. या नियमांत विसंगती नसेल, तर असा मधला आकार नाही हे त्यांतून खोडता येत नाही, हे तर्कशास्त्रज्ञ गोडेलने दाखवलं. १९६३ मध्ये गणितज्ञ कोहेनने दाखवलं की सिद्धही करता येत नाही. गोडेलला वाटे, उत्तर आहे, नियमच अपुरे आहेत. काहीजण म्हणतात, एकच एक उत्तर असं नाहीच. मी अजून कुंपणावर आहे. तू बाजू निवडून ये, म्हणजे मला दुसरी घेता येईल.

येताना ट्रेननेच ये, गाडी आणलीस तर घोडबंदर रोडवरच रात्र होईल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
हेमंत

ता. क. कँटरची युक्ती घरी करून बघशील तेव्हा कर्णावर ५ असेल तर ६ लिही, बाकी काहीही असेल तर ५. बदली अंक म्हणून ० किंवा ९ लिहू नकोस, कारण ०.४९९९... आणि ०.५ ही एकच संख्या आहे. त्यावरून नवं भांडण काढलंस तर मी फोन उचलणार नाही.