कुत्र्याचे दात पांढरे झाले, हिरडीखाली काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कुत्र्यांचे दात ‘भूल न देता, झटपट’ साफ करून देण्याच्या जाहिराती सध्या सर्रास दिसतात. त्यात निघते ते वरवरचे कीटण. खरा रोग हिरडीखाली असतो आणि जाग्या कुत्र्याच्या हिरडीखाली धड कोणालाच काम करता येत नाही.

स्वच्छ दातावर 24 तासांत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. कुत्र्याची लाळ माणसापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे दात किडतात कमी, पण हा थर दोन-तीन दिवसांतच कडक व्हायला लागतो. लाळेची नळी वरच्या मोठ्या दाढेजवळ उघडत असल्याने बहुधा कीटण तिथेच जास्त दिसते. थर हिरडीखाली सरकला की प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंचे फावते. त्यांतला ठळक म्हणजे पॉर्फिरोमोनास गुले, माणसाच्या हिरड्या पोखरणाऱ्या जिंजिव्हालिसचा भाऊबंद. त्याची विकरे हिरडीतली प्रथिने तोडतात. दाताभोवतीचे हाड मात्र बरेचसे कुत्र्याच्या स्वतःच्याच दाहामुळे झिजते. याच कुळातला कँजिंजिव्हालिस निरोगी तोंडातही मुबलक सापडतो. तेव्हा नुसत्या जिवाणूच्या चाचणीवरून रोग ठरवू नये.

रोग ठरतो तो भुलीखाली, प्रत्येक दाताभोवती मोजपट्टीची सळई फिरवून आणि एक्स-रे काढून. मध्यम वा मोठ्या कुत्र्यात दात आणि हिरडी यांमधली फट 3 मिलिमीटरहून खोल गेली की शंका घ्यावी. लहान जातींत खालच्या दाढेभोवतीचे हाड इतके विरते की जबडा किरकोळ धक्क्यानेही मोडू शकतो. वरून खरवडलेला दात पॉलिश केला नाही तर खरबरीत राहतो आणि त्यावर नवा थर आणखी लवकर बसतो. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी वास थोडे दिवस जातो. पण थराच्या आत औषध पुरेसे पोचत नाही, त्यामुळे नुसत्या गोळ्या म्हणजे पैसे पाण्यात.

घरी करायचे ते ब्रशने, तेही रोज. आठवड्यातून एकदा घासण्यात फारसा अर्थ नाही, तोवर थर कडक झालेला असतो. तोंड उघडायची गरज नसते: ओठ उचलायचा, मऊ ब्रश हिरडीच्या कडेला 45 अंशांत तिरपा धरायचा आणि बाहेरची बाजू घासायची, मागच्या दाढांसकट. पेस्ट कुत्र्यांसाठीचीच हवी. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असते. ते पोटात गेल्यास कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने घसरते. हाडे, शिंगे चघळायला देऊ नयेत, दाढेचा टवका उडतो. नखाने दाबून खळगा पडत नाही ती वस्तू नकोच.

हिरडीतून रक्त येत असेल किंवा दात हलत असेल तर ब्रश नंतर, तपासणी आधी. दुखत्या तोंडात ब्रश घातला तर कुत्रा पुन्हा कधी हात लावू देत नाही.

आपला,
एक पशुवैद्यक