जुने टीव्ही, गाद्या नदीकाठी नकोत

नदीकाठी टाकलेल्या भंगाराचे छायाचित्र आपल्या अंकात पाहिले. चर्चा प्लास्टिकच्या पिशव्यांचीच झाली. त्याच ढिगातल्या जुन्या टीव्हींकडे आणि फोमच्या गाद्यांकडे कुणाचे लक्ष गेले नाही. लवकर पेट घेऊ नये म्हणून अशा अनेक वस्तूंत ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक रसायने मिसळलेली असतात. त्यांतली बरीचशी प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्याने हळूहळू बाहेर पडतात, पाण्यात फारशी न विरघळता गाळाला चिकटतात आणि गाळातल्या अळ्या-किड्यांमधून माशांत साठत जातात. थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाच्या कामात ती ढवळाढवळ करतात. बेडूकमाशाचा बेडूक होतो तो याच संप्रेरकामुळे! केंद्राने २०१८ मध्ये या रसायनांपैकी काहींवर बंदी घातली खरी, पण आधीच घरात आलेल्या वस्तूंचे काय? २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात रस्तोरस्ती पडलेले भिजके सोफे आम्ही विसरलेलो नाही. वाशिष्ठी नदीतून किती घनमीटर गाळ निघाला याचे आकडे येतात. त्या गाळात काय आहे, हेही तपासून जाहीर करावे. आणि निदान पावसाळ्यापूर्वी नगरपरिषदेने अशा वस्तू छपराखाली वेगळ्या ठेवण्याची सोय करावी.

– एक वाचक, चिपळूण