प्रौढांचे निदान आणि बालपणाचा पुरावा

संपादक महोदय,

वयाच्या ४३व्या वर्षी एडीएचडीची (लक्ष टिकून न राहणे, अतिचंचलता अशी लक्षणे असलेल्या स्थितीची) तपासणी करून घ्यायला गेलो, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी प्रथम मागितले ते शाळेचे प्रगतिपुस्तक. कारण २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेनुसार काही लक्षणे वयाच्या १२व्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ हा चौथीतला शेरा, ज्यापायी घरी बोलणी खाल्ली, तोच असा कामी आला. मात्र ज्यांचे आईवडील हयात नाहीत आणि जुने कागदही उरलेले नाहीत, त्यांनी पुरावा आणायचा कोठून? स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) तपासणीतही हीच अडचण येते. अशा वेळी भावंडांनी, बालमित्रांनी दिलेली माहिती तज्ज्ञांनी आवर्जून विचारात घ्यावी.

– एक वाचक