बालाजीस पत्र : तिकिटं रद्द करू नकोस

परभणी,
१० डिसेंबर

प्रिय बालाजी,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन आला तेव्हा औषधांच्या दुकानात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. जहाजावर बोट लागेल, हेलकाव्यानं मळमळून उलट्या होतील, या धास्तीनं तू तिकिटं रद्द करायला निघालास हे ऐकून मात्र जीवाला लागलं. रात्री जेवण झाल्यावर हे लिहायला बसलोय. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरतं, आणि हे वहिनींनाही वाचता येईल.

तिकिटं रद्द करू नकोस. काकूंनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. उदगीरहून उठून मुंबई आणि तिथून जहाजानं लक्षद्वीप, असा योग आपल्या घरांत कितीदा येतो? तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तुला गाडी लागते, तर बोटही लागू शकते. पण त्यावर इलाज आहे आणि त्यातला बहुतेक निघायच्या आधी करायचा असतो, म्हणून घाईनं लिहितोय.

आधी मनातली एक गोष्ट. शाळेच्या सहलीत, कन्नडच्या घाटात तू एसटीच्या खिडकीला डोकं टेकून बसलेला मला अजून दिसतोस. सोबतचे सर मोठ्यानं म्हणाले होते, "मनातून काढून टाक, काही होत नाही." सगळी गाडी हसली. तेव्हापासून तू हा स्वतःचा दुबळेपणा मानत आलास. तो दुबळेपणा नाही रे. तू तर जीवशास्त्र शिकवतोस. फळ्यावर कानाची आकृती काढतोस ना, त्यातल्या त्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या दोन पिशव्या, सगळं तिथं घडतं. केबिनमध्ये डोळ्यांना पलंग, भिंत, टेबल जागच्या जागी दिसतात. आतला कान मात्र सांगत असतो की आपण वर चाललोय, आता खाली चाललोय. दोन्हीकडून उलटसुलट निरोप आले की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळायला लागतं. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८८२ साली दाखवलं, की अनेक मूकबधिर माणसांना गरागरा फिरवलं तरी चक्कर येत नाही. ज्यांच्या आतल्या कानाचं काम बंद पडलेलं असतं त्यांना खवळलेल्या समुद्रातही बोट लागत नाही, हेही नंतर दिसून आलं. मनाचा खेळ असता तर असं झालं असतं का? उलट तुझा कान चोख काम करतोय म्हणून तुला त्रास होतो.

ब्रिटिश आरमाराच्या अॅडमिरल नेल्सनची हयात समुद्रावर गेली, तरी वारा सुटला की त्याला बोट लागायचीच. डार्विन १८३१ च्या डिसेंबरात 'बीगल' जहाजावर चढला आणि १८३६ साली परतला. त्या अख्ख्या सफरीत समुद्रानं त्याला छळलं. बिस्किटं आणि मनुका एवढंच त्याच्या पोटात टिकायचं. तरी त्यानं काय काम करून ठेवलं, हे तू मुलांना दरवर्षी शिकवतोसच.

आता कामाचं. केबिन कुठली मिळाली हे आधी विचारून घे. एसटीत मागच्या बाकावर बसलं की कसं उसळायला होतं आणि मधल्या सीटवर कमी, तसंच जहाजाचं. पुढचं आणि मागचं टोक सर्वांत जास्त वरखाली होतं, मध्यभाग कमी. वरच्या मजल्यांवर डोलणं जास्त, खाली पाण्याच्या पातळीजवळ कमी. म्हणून लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकची केबिन माग. खिडकी मिळाली तर उत्तम, पण वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीसाठी हट्ट धरू नकोस. मोठ्या जहाजांना दोन्ही अंगांना पाण्याखाली पंख असतात, त्यांनी कुशीवर होणारं डोलणं बरंच कमी होतं. पुढून-मागून होणारी वरखाल मात्र त्यांनी फारशी थांबत नाही. पोटाला सर्वांत वाईट असतो तो संथ हेलकावा, साधारण पाच सेकंदांना एक. खड्ड्यांच्या रस्त्यावर हाडं खिळखिळी झाली तरी मळमळत नाही आणि समुद्रात नुसतं डोललं तरी मळमळतं, ते यामुळं. महिना तू चांगला निवडलास. अरबी समुद्र खवळतो तो जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीसुद्धा बंद ठेवतात. जानेवारीत तो बहुतेक शांत असतो.

गोळ्यांचं नीट वाच, कारण रोज काउंटरवर हाच घोळ बघतो. लोक येतात, "उलटीची गोळी द्या, कोकणात चाललोय," आणि नाव सांगतात ओन्डानसेट्रॉनचं, कारण कधीतरी जुलाब-उलट्यांत डॉक्टरांनी ती दिलेली असते. केमोथेरपीच्या किंवा ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर ती चांगली, पण प्रवासाच्या मळमळीवर तिचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी जुन्या अँटिहिस्टामाइन गटातल्या गोळ्या लागतात. आपल्याकडं सगळ्यांना माहीत असलेली अॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, त्यातलीच. सिनॅरिझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट याही त्याच कामाच्या. यातली एकच घ्यायची, दोन एकत्र नाहीत. आणि वेळ पाळायची. अॅव्होमिन लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना घेतात, छोट्या प्रवासाला निघायच्या तास-दोन तास आधी. मळमळ सुरू झाली की जठर अन्न पुढं ढकलायचं जवळजवळ थांबवतं. मग गोळी तिथंच पडून राहते, नाहीतर उलटीबरोबर बाहेर येते. लोक म्हणतात गोळीनं काही झालं नाही. होणार कसं, ती उशिरा घेतलेली असते.

या गोळ्यांनी झोप येते. एखाद्या रविवारी घरीच एक घेऊन बघ, म्हणजे तुला किती गुंगी येते ते कळेल. त्या दिवशी मोटरसायकल काढू नकोस. जहाजावर कुणी दारूचा आग्रह केला तर साफ नाही म्हण. गोळी आणि दारू एकत्र नकोच, आणि नुसत्या दारूनंही मळमळ वाढते.

काकूंचं वेगळं आहे. त्यांना काचबिंदूचे थेंब चालू आहेत ना? या गोळ्यांनी काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय त्यांना एकही गोळी देऊ नकोस, आणि कुणी परदेशातून आणलेली कानामागं चिकटवायची स्कोपोलामाइनची पट्टी दिली तर तीही नाही. चिऊचं वय तर बोट लागण्याचंच. दोन ते बारा वर्षांच्या पोरांना हा त्रास जास्त होतो. तिचं वजन सांगून मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घे, आणि जहाज चालू असताना तिच्या हातात मोबाईल देऊ नकोस.

लातूरहून रात्रीची गाडी धरून सकाळी मुंबईत उतरायचं आणि तसंच बंदरावर जायचं, असा बेत असेल तर बदल. एक दिवस आधी जा, मुक्काम कर, पोटभर झोपा. झोप अपुरी असली की त्रास वाढतो. जेवण हलकं ठेव, पण उपाशीही राहू नकोस. जहाजावर पहिल्याच रात्री ताटांच्या रांगा समोर येतात. तेव्हा वरण-भात, दही-भात बरा. रस्सा, तळण हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसावर ढकल. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत हेलकाव्याला सरावतं, मग खुशाल खा. घरचं शिजवलेलं बऱ्याच जहाजांवर नेऊ देत नाहीत, म्हणून वहिनींना धपाटे बांधायच्या आधी विचारायला सांग. आलेपाकाची पाकिटं मी पाठवतोय. १९८८ साली डेन्मार्कच्या नौदलातल्या ८० छात्रांवर भर समुद्रात प्रयोग झाला होता, त्यात एक ग्रॅम सुंठ घेतलेल्यांना उलट्या कमी झाल्या. दुसऱ्या काही प्रयोगांत तसा फरक दिसला नाही. काकूंना गोळी चालली नाही तर निदान आलं तरी तोंडात राहू दे. त्या रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर सुंठ फार नको.

आणि इतकं करूनही लागली तर? गेल्या वर्षी आम्ही गोव्याला जहाजानं गेलो तेव्हा शोभाचं असंच झालं. संध्याकाळी जेवायला बसलो, तिला एकामागून एक जांभया यायला लागल्या. दिवसभर झोपलेली, तरी जांभया. मग तिनं ताट सरकवलं, तोंडाला पाणी सुटतंय म्हणाली. कपाळाला हात लावला तर घाम गार. ही सगळी उलटीच्या आधीची चिन्हं, ती ओळखायला शीक. मी तिला केबिनमध्ये जाऊ दिलं नाही. बंद खोलीत डोळ्यांना काहीच हलताना दिसत नाही, तिथं त्रास वाढतो. उघड्या डेकवर, जहाजाच्या मधोमध नेलं. भिंतीला पाठ लावून खाली बसवलं, तोंडावर वारा येईल असं, आणि आकाश पाण्याला टेकतं तिथंच नजर ठेव म्हणालो. जवळच्या लाटांकडं नाही, माझ्याकडंही नाही. जहाजावरच्या पोरानं न मागता हिरवं सफरचंद कापून आणून दिलं, ते ती जरा जरा चावत राहिली. अंधार पडायच्या आत तिच्या गालांवर रंग परत आला आणि तिनं कोरडा टोस्ट मागितला.

अंधारात क्षितिज दिसत नाही. तेव्हा केबिनमध्ये उताणं पडायचं, डोकं उशीवर स्थिर ठेवायचं, डोळे मिटायचे. मिटले की निदान डोळ्यांचा निरोप तरी बंद होतो. वाचायचं नाही, मोबाईल बघायचा नाही.

उलट्या झाल्याच तर घोट घोट पाणी देत राहा. ओआरएसची पाकिटं पुडक्यात घातली आहेत. ती संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली, उठून बसता येत नसेल, तर जहाजावरच्या डॉक्टरांना बोलवायला लाजू नकोस. त्यांच्याकडं इंजेक्शन असतं, आणि अशी माणसं ते रोज बघतात. काकूंच्या बाबतीत जास्त जागरूक राहा. गार घाम आणि मळमळ हृदयविकारातही होते. छातीत दुखलं, दम लागला, हात जड झाला किंवा बोलणं अडखळलं, तर "बोट लागली असेल" म्हणून थांबू नकोस.

लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाच्या बाहेरच थांबतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. ती बोट जहाजापेक्षा जास्त हलते. मध्ये किंवा थोडं मागं बसा, डिझेलचा धूर येतो तिथं नाही. चिऊला किनाऱ्याकडं बघायला लाव. परत आल्यावर एक-दोन दिवस घरातली फरशीही डोलल्यासारखी वाटेल. घाबरू नकोस, ते आपोआप थांबतं.

पुडकं उद्या एसटीच्या पार्सलनं टाकतोय. गोळ्या त्यात मुद्दाम घातल्या नाहीत. आधी डॉक्टरांना भेट, काकूंच्या थेंबांची बाटली आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत ने. केबिनचा नंबर आणि डेक कळला की मला लगेच कळव. जहाजाचा नकाशा नेटवर बघून ती मध्यभागी आहे का ते सांगतो, नसेल तर बदलून मागायला अजून वेळ आहे.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिऊला आशीर्वाद.

तुझा,
विलास