आजोबांच्या डब्यातलं नाणं

प्रिय बाळ्या,

तुझं नाणं ओळखू आलं. अस्सल आहे, जुनं आहे, पण आजोबांना ते तेरच्या शेतात नांगरताना सापडलं, हे मला पटत नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू भांडला असतास, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अक्षरं. तू ती इंग्रजी धरून शोधलीस, म्हणून हाती काही लागलं नाही. मीही दोन दिवस तसाच चाचपडलो. चेहऱ्यासमोर ओ, बी, ओ, सी अशी चार अक्षरं स्वच्छ दिसतात ना? ती ग्रीक आहेत. शेवटचं सी म्हणजे सिग्मा, उच्चार 'स'. नाणं खिडकीशी तिरप्या उन्हात धरलं तेव्हा त्याआधीच्या दोन अक्षरांच्या पुसट रेघा उमटल्या: पाय म्हणजे 'प' आणि रो म्हणजे 'र'. नाव पुरं झालं, प्रोबोस! रोमचा सम्राट प्रोबस, इ.स. २७६ ते २८२. त्या क्षणी तू शेजारी हवा होतास रे.

मागच्या बाजूला मान वळवलेला गरुड, चोचीत हार. एका अंगाला एलसारखी खूण, दुसऱ्या अंगाला त्रिकोण. तुम्हाला तो पिरॅमिड वाटला, पण तो डेल्टा आहे. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. डेल्टा म्हणजे चार, आणि एलसारखी खूण म्हणजे 'वर्ष'. प्रोबसच्या राज्याचं चौथं वर्ष. इजिप्तचं वर्ष ऑगस्टअखेर सुरू व्हायचं, म्हणून हे २७८-७९ चं. टांकसाळ अलेक्झांड्रियाची. नाण्याला टेट्राड्राख्म म्हणतात, म्हणजे चार द्राख्मांचं; द्राख्म हे जुनं ग्रीक चलन. एके काळी त्यात बरीच चांदी असे. प्रोबसपर्यंत ती नावालाच उरली. काकूंनी चिंच लावली तिथे लाल तांबं उघडं पडलंय ते त्यामुळेच. आता कृपा करून त्याला चिंच-लिंबू काही लावू देऊ नकोस. वरचा तपकिरी थर गेला तर बारीक अक्षरंही त्याच्याबरोबर जातील.

अस्सल कशावरून म्हणशील. सोनाराच्या काट्यावर ७.६ ग्रॅम भरलं, रुंदी १९ मिलिमीटर, जाडजूड. या नाण्याला हे शोभतं. पण वजन नकली नाण्याचंही जुळवता येतं, म्हणून मी भिंग घेऊन बसलो. साच्यात ओतलेल्या नाण्यावर बुडबुड्यांचे बारीक खळगे राहतात, अक्षरं मेणासारखी गोलसर होतात, कडेला शिवण असते किंवा ती घालवताना उठलेल्या कानशीच्या रेघा. इथे यातलं काही नाही. अक्षरांच्या मुळाशी धातू कडेकडे ओढला गेलाय, जसा ठोक्याखाली ओढला जातो. गरुडाच्या पायाखाली कडेला एक चीर आहे, तीही ठोक्याचीच. चिरेच्या तळाशी हिरवा गंज बसलाय. बाभळीच्या काट्याने हलकेच टोकरून पाहिला, हलला नाही. वरून फासलेला रंग असा बसत नाही.

आता तेरचं. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार असलेलं गाव, म्हणून गोष्ट खरी वाटते. पण त्या व्यापाराचा भर पहिल्या-दुसऱ्या शतकातला, प्रोबस त्यानंतरचा. शिवाय इजिप्त रोमचा प्रांत असला तरी तिथलं चलन वेगळं होतं. ते इजिप्तमध्येच चाले, बाहेर त्याला कोणी विचारत नसे. इतक्या लांब नेण्याजोगी चांदीही त्यात नव्हती. आपल्याकडे आली ती रोमची सोन्याची आणि चांदीची नाणी.

आणि आजोबा महायुद्धात फौजेबरोबर इजिप्तला होते, हे तूच मला सांगितलंयस. कैरोच्या बाजारात एखाद्या पोऱ्याकडून त्यांनी ते घेतलं असावं, असं मला वाटतं. शाळेच्या प्रदर्शनात 'तेर येथे सापडलेले' अशी चिठ्ठी लावून ते ठेवू नकोस. उद्या कोणी ती वाचून तेरबद्दल चुकीचं लिहील, आणि आजोबांचा इजिप्तचा प्रवास मात्र कायमचा पुसला जाईल. मला दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाईट वाटेल.

नाणं कागदी पाकिटात ठेवलंय, दिवाळीत घेऊन येतो. तोवर आत्यांना विचार, आजोबा परत आले तेव्हा बरोबर काय काय होतं. त्यांची फौजेची ट्रंक अजून माळ्यावर असेल तर उघडू नकोस. दोघं मिळून उघडू.

तुझा,
अण्णा