ओवीला साताऱ्याला पाठवण्याआधी

रेडिंग,
८ मार्च २०२६

प्रिय मृणाल,

काल फोनवर तू म्हणालीस, "नर्सरी परवडत नाही, ओवीला आईकडे साताऱ्याला ठेवून येते गं, वर्षभराचाच प्रश्न आहे," आणि मला काही बोलवेना. आमचा मल्हार रडायला लागला म्हणून मी फोन ठेवला असं तुला वाटलं असेल. पण खरं सांगू? मला आधी हिशेब मांडून बघायचा होता. रात्री तो झोपल्यावर वही घेऊन बसले. जे हाती लागलं ते लिहिते आहे, सुहासलाही वाचायला दे.

मंडळाच्या हळदीकुंकवाला तुला कुणी तरी सांगितलं ना, की आता सगळ्यांनाच आठवड्याला ३० तास नर्सरी फुकट? ते अर्धंच खरं आहे. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेत जाईपर्यंतच्या मुलांना ३० तास मिळतात, पण आईवडील दोघेही कमावते असतील तर. प्रत्येकाची कमाई निदान आठवड्याच्या १६ तासांच्या किमान वेतनाइतकी हवी आणि वर्षाला एक लाख पौंडांच्या आत हवी. तुम्ही दोघं त्यात सहज बसता. अडतं ते पुढे. दोघांपैकी एकाला तरी सरकारी मदत घेण्याची परवानगी लागते, आणि तुमच्या दोघांच्याही व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स' लिहिलेलं आहे. त्यामुळे ३० तास नाहीत, आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचं, म्हणजे आपण भरलेल्या नर्सरीच्या पैशांत सरकार भर घालतं ते, खातंही नाही. दोघंही कर भरता, तू तर रात्रपाळ्या करून हॉस्पिटलची लॅब सांभाळतेस. मला हे अजिबात पटत नाही, पण आज नियम असा आहे.

आता पुढचं नीट वाच. तीन वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला १५ तास मिळतात. आईवडिलांची नोकरी, पगार, व्हिसा, काहीही बघत नाहीत. हे तास 'पब्लिक फंड्स'मध्ये मोजले जात नाहीत, तेव्हा उद्या व्हिसाला अडचण येईल ही सुहासची भीती मनातून काढून टाका. तिसऱ्या वाढदिवसानंतर येणाऱ्या १ जानेवारी, १ एप्रिल किंवा १ सप्टेंबरपासून ते सुरू होतात. ओवी १९ मार्चला तीन वर्षांची होते, म्हणजे या एप्रिलपासूनच! दोन आठवडे उशिरा जन्मली असती तर सप्टेंबर उजाडला असता. ३० तासांसाठी सरकारकडून घ्यावा लागतो तसा कोड वगैरे काही लागत नाही, नर्सरीचा फॉर्म भरायचा आणि तिचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला दाखवायचा. काउंटरवरच्या कुणी "तुमच्या व्हिसावर मिळत नाही" म्हटलं तर तशीच परत येऊ नकोस. मॅनेजरला भेट, नाही तर काउन्सिलला फोन कर. ३० आणि १५ यांत गल्लत करणारी माणसं नर्सरीतही असतात.

आणि हो, १५ तास म्हणजे आठवड्याला १५ तास, पण फक्त ३८ आठवडे. शाळेच्या सुट्ट्या धरतच नाहीत. वर्षाचे होतात ५७०. तुझी नर्सरी ५१ आठवडे चालते, तेव्हा हेच तास वर्षभर पसरले की आठवड्याला जेमतेम ११ उरतात. बिल अपेक्षेइतकं उतरत नाही ते यामुळे. तुझे दोन दिवस, दहा-दहा तासांचे, म्हणजे वर्षाला १,०२० तास. त्यातून ५७० वजा केले की ४५० राहतात. तुझ्या नर्सरीचा दर तासाला ८ पौंड, म्हणजे वर्षाचे ३,६००, महिन्याला ३००. आज तू ६८० भरतेस. नर्सरी तास कसे वाटते त्यावर थोडं इकडेतिकडे होईल, पण मृणाल, महिन्याला ३८० पौंड वाचत असताना लेकीला सात समुद्रापार ठेवायचं का, याचा विचार कर.

माझ्याकडून झालेली चूकही सांगते, कारण तुम्हाला कायम वास्तव्य मिळालं की तुलाही या वाटेने जायचं आहे. मल्हार ऑगस्टमध्ये नऊ महिन्यांचा झाला. १ सप्टेंबरपासून तास हवे असतील तर अर्ज करून अकरा आकडी कोड ३१ ऑगस्टच्या आत हातात लागतो. मी कामावर रुजू होण्याच्या गडबडीत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला. झालं, थेट जानेवारी. चार महिने पूर्ण फी, महिन्याला १,३६०. ते पैसे आठवले की अजून पोटात तुटतं. आता दर तीन महिन्यांनी पुन्हा माहिती भरून कोड जिवंत ठेवावा लागतो, त्याची तारीख मी कालनिर्णयावर लाल पेनाने लिहिली आहे.

आता आमचं चार दिवसांचं बिल महिन्याला ६०० येतं. ते टॅक्स-फ्री चाइल्डकेअरच्या खात्यातून देते. आपण ८ पौंड भरले की सरकार २ घालतं, तेव्हा खिशातून ४८० जातात. वर जेवण आणि डायपरचे दिवसाला १० पौंड, म्हणजे महिन्याचे १७०.

या वरच्या पैशांवरून बहुतेकांची नर्सरीशी कुरबुर होते. जेवण, डायपर, सहली यांचा खर्च सरकार देत नाही, पण 'हे पैसे भरले तरच फुकटचे तास' अशी सक्तीही नर्सरीला करता येत नाही. घरचा डबा देऊ का, डायपर आणून देऊ का, असं विचारायचा तुला हक्क आहे. बिलात तास, जेवण, बाकीच्या वस्तू वेगवेगळ्या दाखवायला सांग. भांडू मात्र नकोस. दोन वर्षांच्या आतल्या तीन मुलांमागे एक बाई ठेवावी लागते, ओवीच्या वयाला आठांमागे एक, आणि सरकारकडून मिळणाऱ्या दरात भागत नाही असं बहुतेक नर्सऱ्या सांगतात. मल्हारला दिवसभर कडेवर घेणाऱ्या मुलीचा पगार त्यातूनच निघतो, हे मी विसरत नाही.

ग्लासगोच्या तुझ्या नणंदेचं ऐकून गोंधळू नकोस. स्कॉटलंडचे नियम निराळे, तिथे तीन-चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना वर्षाला १,१४० तास मिळतात.

काकू ओवीला डोळ्यांत तेल घालून जपतील, यात शंका नाही. पण मागच्या दिवाळीत तू तीन दिवस ट्रेनिंगला गेलीस तेव्हा रात्री तिचा फ्रॉक उशाशी घेऊन झोपलीस, हे तूच मला सांगितलंस.

सोमवारी नर्सरीत एवढंच विचार: एप्रिलपासून १५ तासांची जागा आहे का, ते वर्षभर पसरून देतात का, आणि वरचे पैसे किती. उत्तरं लिहून घे. शनिवारी मी मल्हारला घेऊन मिल्टन कीन्सला येते, मिळून आकडे मांडू. तोवर तिकीट काढू नकोस.

ओवीला गोड पापा. सुहासला नमस्कार सांग.

तुझी,
केतकी