‘नानूक’चे खरे नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्क्टिकमधल्या लोकांवर मराठीत लेख आला की सोबत बहुधा एकच छायाचित्र असते. कातड्याचा केसाळ अंगरखा घातलेला, डोळे बारीक करून हसणारा एक माणूस, आणि खाली ओळ : ‘एस्किमो शिकारी नानूक’. त्या माणसाचे नाव नानूक नव्हते. ते अलाकारिअल्लक. ‘नानूक’ म्हणजे ध्रुवीय अस्वल. रॉबर्ट फ्लाहर्टी या अमेरिकी दिग्दर्शकाने १९२२च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’साठी त्याला दिलेले ते पडद्यावरचे नाव. ‘एस्किमो’ हा शब्दही कॅनडातल्या त्या लोकांनी केव्हाच टाकला आहे. ते स्वतःला इनुइट म्हणतात आणि एकट्या माणसाला इनुक. त्या तीन शब्दांपैकी ‘शिकारी’ एवढाच बरोबर आहे.

ही चूक होते, कारण फिल्म सगळे पाहतात आणि तिच्याबरोबरचे कागद कोणी उघडत नाही. फ्लाहर्टीची पत्रे, डायऱ्या आणि टिपणे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखित विभागात जपलेली आहेत. चित्रीकरण कसे झाले हे त्याने स्वतःही तपशीलवार लिहिले आहे. ते बाजूला ठेवून नुसता चित्रपट पाहिला, तर प्रेक्षक एक तर सगळे खरे मानतो किंवा सगळे खोटे ठरवतो. दोन्ही चूक.

फ्लाहर्टी मुळात लोहखनिज शोधणारा. १९१०मध्ये कॅनडातले रेल्वे-उद्योजक सर विल्यम मॅकेंझी यांनी त्याला हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर पाठवले. १९१३च्या सफरीवर निघताना त्याने कॅमेरा घेतला आणि रोचेस्टरला तीन आठवड्यांचे प्रशिक्षण. (त्याच वर्षी ३ मे रोजी गिरगावात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता.) १९१६मध्ये टोरांटोत फिल्म बांधताना सिगारेट पडली आणि सुमारे ३०,००० फूट निगेटिव्ह जळाली. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपत. म्हणजे एका फुटाला एक सेकंद, आणि जळाले ते आठ तासांहून अधिक चित्रीकरण. संपादनासाठी काढलेली एक पॉझिटिव्ह प्रत वाचली, पण तेव्हा पॉझिटिव्हवरून चांगली निगेटिव्ह काढण्याजोगी फिल्मच मिळत नव्हती. प्रत असूनही चित्रपट गेल्यातच जमा होता.

ती फिल्म नायट्रेटची, म्हणजे तेव्हाच्या सहज पेटणाऱ्या पट्टीची. नायट्रेट जळताना लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, म्हणून पाण्यात बुडवूनही विझत नाही. पुण्यात २००३च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत भारतीय मूकपट आणि सुरुवातीचे बोलपट गेले, तेही याच कारणाने. न जळता सडली तरी ती हळूहळूच मरते : आधी चित्र फिके पडते, मग थर चिकट होतो, फोड येतात, सगळी रीळ एक ढेकूळ बनते आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. सडताना निघणारे वायू डब्यात कोंडले की सड वाढते. म्हणून नायट्रेटचा डबा कधीही हवाबंद करू नये.

दुसऱ्या खेपेस, १९२०च्या ऑगस्टमध्ये, रेव्हिलाँ फ्रेर या फर-कंपनीच्या पैशावर फ्लाहर्टी इनुकजुआकला पोचला. तेव्हा त्या ठाण्याला पोर्ट हॅरिसन म्हणत. सोबत ७५,००० फूट फिल्म, ‘एकली’ (Akeley) बनावटीचे दोन कॅमेरे, विजेचा जनित्र-संच, प्रोजेक्टर आणि छपाईचे यंत्र. ‘एकली’ निवडण्याचे कारण साधे : त्याला तेलाऐवजी ग्राफाइटचे वंगण चाले. थंडीत तेल घट्ट होऊन कॅमेरा अडकतो. तरीही अस्वलाच्या शोधातल्या प्रवासात, उणे ३७ अंश फॅरनहाइटला, फिल्म काचेच्या पापुद्र्यासारखी तुटू लागली. मग कॅमेरा आणि फिल्मचे डबे आधी उबेला आणावे लागत. आणि गारठलेली भिंग एकदम उबेत आणली की तिच्यावर दव बसते. कोरड्या थंडीत फिल्म भराभर सरकली तर स्थिर विजेच्या ठिणग्या उडतात आणि चित्रावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. जुन्या ध्रुवीय फिल्ममध्ये अशा रेघा दिसल्या तर ते ओरखडे नव्हेत, आणि डिजिटल सफाईत त्या सरसकट पुसूही नयेत. त्या दिवशी हवा कशी होती याची ती खूण आहे.

खरी कसोटी फिल्म धुण्याची होती. छपाईयंत्राला स्थिर प्रकाश हवा आणि जनित्राची वीज कमीजास्त होई. म्हणून फ्लाहर्टीने खिडकी झाकून एका चौकटीएवढीच फट ठेवली, दिवसाचा उजेड तिच्यातून घेतला आणि पातळ कापडाचे तुकडे लावून-काढून तो कमीजास्त केला. पाण्यासाठी सहा फूट जाडीच्या बर्फात पाडलेले भोक हिवाळाभर छिन्नीने उघडे ठेवावे लागे. पाणी पिंपांत भरून कुत्र्यांच्या घसरगाडीवरून आणायचे, त्यात तोवर झालेले बर्फाचे खडे हातांनी वेचून काढायचे आणि मगच ते फिल्मवर ओतायचे. कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणाच्या कातड्याच्या कपड्यांचे केस गळून त्या पाण्यात पडत आणि ओल्या फिल्मला चिकटत; त्याचा त्रास बर्फाइतकाच, असे फ्लाहर्टीने नोंदवले आहे. पाण्याचे हे सारे काम इनुइटांनी केले. श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख नाही, तो कागदांतच सापडतो.

फिल्म तिथेच धुण्यामागे हेतू होता. चित्रीकरण झाले की तो ते ठाण्यातच त्यांना दाखवी, म्हणजे काय चालले आहे ते कळावे आणि पुढचे प्रसंग मिळून ठरवता यावेत. वॉलरसच्या शिकारीचा भाग पडद्यावर आला तेव्हा त्या जनावराला धरून ठेवण्यासाठी प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, असे त्याने लिहिले आहे.

आता बनाव कुठे आहे तेही स्पष्ट सांगावे. साधा बर्फाचा इग्लू साधारण १२ फूट व्यासाचा. त्यात कॅमेरा मावेना, म्हणून २५ फुटांचा बांधायला सांगितले. घुमट कोसळू लागले. एक टिकला, तर बर्फाच्या खिडक्यांतून उजेड पुरेना. शेवटी अर्धा घुमट कापून काढला आणि कुटुंब उघड्यावरच झोपल्या-उठल्याचे चित्रित झाले. पडद्यावरच्या बायका अलाकारिअल्लकच्या पत्नी नव्हत्या. बंदुका तेव्हा रोजच्या वापरात होत्या, तरी शिकार भाल्यानेच दाखवली. वॉलरस ओढून नेऊ लागला तेव्हा शिकारी ‘बंदूक चालव’ म्हणून ओरडत होते आणि आपण न कळल्याचे सोंग केले, हे फ्लाहर्टीनेच लिहून ठेवले आहे. बर्फातल्या भोकातून ओढलेला सील आधीच मेलेला होता. ग्रामोफोन पहिल्यांदाच पाहिल्यासारखी तबकडी चावून बघण्याचा प्रसंगही रचलेला. पण बर्फ कापण्याची सुरी, बर्फाच्या विटांचा चढत जाणारा तिरका थर आणि कॅरिबूच्या कातड्याचे कपडे, हे हातांचे ज्ञान खरेच होते.

फिल्म सोसायट्यांना एक विनंती. हा चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालवू नका. १६च्या आसपास टिपलेले २४ने दाखवले की माणसे दीडपट वेगाने धावतात आणि सभागृहात हशा पिकतो. त्या हशाला इनुइट जबाबदार नाहीत, चुकीची गती जबाबदार आहे.

जुने जीवन पुन्हा उभे करून चित्रित करणे हा काही गुन्हा नव्हे. ते लपवणे हा दोष. १९६३ ते १९६५ या काळात मानवशास्त्रज्ञ असेन बालिक्सी यांनी पेली बे इथे, म्हणजे आजच्या कुगारुकमध्ये, नेत्सिलिक इनुइटांबरोबर मोठी चित्रपटमालिका केली. बंदूक येण्यापूर्वीचे जगणे त्यांनी ठरवून पुन्हा उभे केले आणि तसे सांगितलेही. निवेदन नाही, माणसांचे आवाज आणि वारा, एवढेच. त्यातला शरद ऋतूतल्या नदीकाठचा भाग पाहावा. तिथे लाकूड नाही, कारण वृक्षरेषा, म्हणजे जिच्या पलीकडे झाडे वाढत नाहीत ती सीमा, फार दक्षिणेला. मग गाडी कशाची करायची? उन्हाळ्यातल्या तंबूचे जुने कातडे पाण्यात भिजवतात, त्यात मासे ओळीने ठेवून घट्ट गुंडाळी करतात आणि दोरीने करकचून बांधून गोठू देतात. गोठली की तीच घसरगाडीची लांब धाव, म्हणजे खालची घसरपट्टी. आडवे दांडे कॅरिबूच्या शिंगांचे, आणि धावेखाली बर्फाचा गुळगुळीत थर. हवा तापली की गाडी सुटते आणि आतले मासे खायला मिळतात. निवेदक नसल्यामुळे हे सगळे हातांकडे पाहूनच समजून घ्यावे लागते.

कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या इग्लूलिकच्या गावकऱ्यांनी तर १९७५ आणि १९७९ अशी दोनदा मते देऊन दूरचित्रवाणी नाकारली, कारण त्यांच्या इनुक्तितुत भाषेत कार्यक्रम नव्हते. त्याच गावातल्या झकारियास कुनुक यांनी १९८१मध्ये आपली दगडी शिल्पे विकून व्हिडिओ कॅमेरा आणला. १९९०मध्ये त्यांनी पॉल अपाक, पावलूसी कुलितालिक आणि नॉर्मन कोहन यांच्याबरोबर इसुमा ही संस्था काढली. वडीलधाऱ्यांच्या आठवणीतून १९४०च्या दशकातले जगणे उभे केलेली त्यांची ‘नुनावुत’ मालिका हीही पुनर्रचनाच. फरक हा की कॅमेऱ्यामागचे लोकही तिथलेच. मात्र या नोंदी चुंबकीय टेपवर आहेत. टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ ओल शोषून मऊ पडतो आणि यंत्राच्या हेडवर सोलून बसतो. ती वाजवणारी यंत्रे आता बनत नाहीत. अशी टेप आधी ‘चालते का बघू’ म्हणून लावू नका. एका फेरीत चित्र कायमचे जाऊ शकते.

आता नावांकडे येतो, कारण मूळ तक्रार तीच आहे.

१९४१पासून कॅनडाच्या सरकारने इनुइटांना क्रमांकाचे बिल्ले दिले, गळ्यात घालायची छोटी चकती. पूर्वेकडच्यांचा क्रमांक ‘ई’ या इंग्रजी अक्षराने सुरू होई, पश्चिमेकडच्यांचा ‘डब्ल्यू’ने. १९६८ ते १९७१ या काळात स्वतः इनुइट असलेले आबे ओकपिक वस्त्यावस्त्यांत हिंडले आणि लोकांना आडनावे निवडायला लावली, तेव्हा हे क्रमांक मागे पडले. म्हणून संग्रहात एकाच माणसाच्या तीन नोंदी सापडतात : मूळ नाव, क्रमांक आणि आडनाव. त्यात इनुइटांची रीत अशी की नुकत्याच गेलेल्या माणसाचे नाव जन्मलेल्या बाळाला देतात, मुलगा-मुलगी हा भेद न पाहता, आणि नात्याने हाकही तशीच मारतात. आईच्या वडिलांचे नाव मुलाला दिले असेल तर ती त्याला ‘अताता’, म्हणजे बाबा, म्हणते. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवले की नवऱ्याचे नाव कसे घ्यायचे म्हणून आजी त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारी. त्या घरात वाढलेल्यांना हे लगेच कळेल. टिपणात ‘त्याचे वडील’ असे वाचले, तर ते पाळण्यातले मूलही असू शकते.

कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने २००२मध्ये ‘प्रोजेक्ट नेमिंग’ सुरू केले. ओटावात शिकणाऱ्या ‘नुनावुत सिवुनिक्सावुत’ या शिक्षणसंस्थेच्या इनुइट विद्यार्थ्यांनी जुनी छायाचित्रे संगणकावर घेऊन गावी नेली आणि आजी-आजोबांपुढे ठेवली. ‘अनोळखी स्त्री व मूल’ अशा ओळींच्या जागी नावे येऊ लागली.

ज्यांना या संग्रहांत शोध घ्यायचा आहे त्यांनी जुनी-नवी दोन्ही गावनावे वापरावीत : पोर्ट हॅरिसन आणि इनुकजुआक, पेली बे आणि कुगारुक, फ्रोबिशर बे आणि इकालुइत, केप डॉर्सेट आणि किनगाइत. नावाच्या रोमन स्पेलिंगचे तीन-चार पर्याय करून पाहावेत. इनुकजुआकच्या काही कुटुंबांना १९५३मध्ये सरकारने दूर उत्तरेला ग्रीज फिऑर्ड आणि रेझोल्यूटला हलवले (त्याबद्दल माफी आली २०१०मध्ये), म्हणून त्यांच्या वंशजांच्या नोंदी तिकडेही शोधाव्यात.

महाराष्ट्रातही ‘कातकरी स्त्री’, ‘वारली कुटुंब’, ‘माडिया नर्तक’ एवढ्याच ओळीची छायाचित्रे आणि रिळे अनेकांकडे पडून आहेत. त्यांचे काम असे करावे. प्रत्येक छायाचित्राला क्रमांक द्या. मागे कडेला मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही. ६०० डीपीआयने स्कॅन करा, मोठी प्रत काढा आणि ती पाड्यावर न्या. मोबाइलच्या पडद्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना चेहरे दिसत नाहीत. डावीकडून उजवीकडे विचारा आणि बोलणे ध्वनिमुद्रित करा. कोणी, कोणत्या दिवशी ओळखले ते लिहा. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही ठेवा. नाव बोलीत उच्चारले तसेच लिहा, प्रमाण करू नका. रिळाच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर अॅसिटेट फिल्म (नायट्रेटनंतर आलेली) सडू लागली आहे. ती इतर डब्यांपासून आजच वेगळी करा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते.

अलाकारिअल्लक चित्रपटानंतर सुमारे दोन वर्षांनी वारला. फ्लाहर्टीने तो उपासमारीने गेला असे लिहिले. नंतरचे अभ्यासक क्षयाची शक्यता अधिक मानतात. आपल्या पत्रात त्याचे छायाचित्र पुन्हा छापाल तेव्हा खालची ओळ अशी असावी, ही विनंती : ‘अलाकारिअल्लक, इनुइट शिकारी, इनुकजुआक, १९२०-२१. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या चित्रपटात नानूकच्या भूमिकेत.’

आपले,
चित्रपट-जतन आणि अभिलेख-सूचीचे काम करणारे काही वाचक, पुणे